शिडांच्या शर्यती कशा पाहाव्यात? वारा, वेळापत्रक आणि परिभाषा यांची ओळख

मांडवीच्या मुखाशी, मिरामारच्या वाळूवरून किंवा दोनापावलच्या कड्यावरून पाहताना कधी कधी पाण्यावर पांढऱ्या त्रिकोणांचा थवा दिसतो. काही त्रिकोण डावीकडे जातात, काही उजवीकडे. मध्येच एखादा गर्रकन वळतो आणि उलट दिशेला लागतो. किनाऱ्यावरच्या माणसाला यात कोण पुढे आणि कोण मागे हे कळत नाही. थोडा वेळ पाहून तो निघून जातो. क्रिकेटचा किंवा फुटबॉलचा सामना गोमंतकीय माणूस झोपेतही समजू शकेल. पण ज्या खेळाचे मैदान त्याच्या दारात पसरले आहे, त्याचे नियम मात्र त्याला परके राहिले आहेत.

ही परिस्थिती विचित्र आहे, कारण भारताच्या आधुनिक शीडनौकांच्या इतिहासात गोव्याचे स्थान मध्यवर्ती आहे. पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या ‘म्हादई’ आणि ‘तारिणी’ या दोन्ही नौका दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधल्या गेल्या. नौदलाच्या सागरी शीडनौकानयनाचे केंद्र वेरे येथील आयएनएस मांडवीमध्ये आहे. तेव्हा या शर्यती कशा होतात, त्यांचे वेळापत्रक कसे वाचावे आणि बातम्यांत येणाऱ्या संज्ञांचा अर्थ काय, याची एकत्रित माहिती वाचकांच्या हाताशी असावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

एका शब्दाचा घोटाळा

प्रथम नावाचा प्रश्न. मराठी वृत्तपत्रे ‘नौकानयन’ हा शब्द दोन वेगळ्या खेळांसाठी वापरतात. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये उतरलेला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णपदक मिळवणारा नाशिक जिल्ह्यातील दत्तू भोकनळ हा वल्हेकरी होता. त्याचा खेळ रोइंग. त्यात खेळाडू पाठमोरे बसून वल्ह्यांच्या बळावर, बहुधा शांत पाण्यात आणि सरळ आखलेल्या मार्गिकांतून होडी नेतात. शिडांच्या शर्यतीत वल्हे नसते, यंत्र नसते आणि मार्गिकाही नसतात. बळ केवळ वाऱ्याचे. या खेळाला इंग्रजीवरून सेलिंग किंवा यॉटिंग म्हणतात. या लेखात ‘शीडशर्यत’ हा शब्द योजला आहे. ‘यॉट’ म्हणजे श्रीमंतांची विलासी नौका अशीही एक समजूत आहे. शर्यतीतील बहुतेक होड्या चार-साडेचार मीटर लांबीच्या असतात आणि दोन माणसे त्या हातगाडीवरून पाण्यात ढकलू शकतात.

वारा आणि होडी

शीडशर्यत समजण्याची किल्ली एकच आहे: वारा कोठून येतो हे आधी शोधावे. किनाऱ्यावरचा ध्वज, माडांच्या झावळ्या किंवा नांगरलेल्या होड्यांच्या नाळा पाहून ते सहज कळते.

कोणतीही शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडात जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या दिशेच्या दोन्ही बाजूंना साधारण 45 अंशांचा प्रदेश तिला वर्ज्य असतो. तेथे शिरल्यास शीड फडफडते आणि होडी थबकते. म्हणून वाऱ्याकडे जायचे असल्यास नागमोडी मार्ग धरावा लागतो. काही अंतर एका तिरप्या रेषेत, मग वळण, मग दुसऱ्या तिरप्या रेषेत. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला होड्या उलटसुलट जाताना दिसतात, त्याचे कारण हेच. उलट दिशांना जाणाऱ्या दोन होड्या एकाच ठिकाणाकडे निघालेल्या असतात. जुने तांडेल हेच तंत्र गलबतांवर वापरत असत.

यातून पुढील संज्ञा निर्माण होतात. होडीची नाळ वाऱ्याच्या तोंडातून फिरवून घेतलेल्या वळणास ‘टॅक’ म्हणतात, तर वारा मागून असताना शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला टाकण्यास ‘जाइब’. जाइब करताना शिडाखालची आडवी काठी वेगाने फिरते. डोके खाली घेतले नाही तर ती जोराने लागते आणि होडीही उलटू शकते. वाऱ्याकडे नागमोडी जाणे म्हणजे ‘बीटिंग’, वारा बाजूने घेऊन धावणे म्हणजे ‘रीचिंग’ आणि वारा पाठीशी घेऊन जाणे म्हणजे ‘रनिंग’. पुष्कळांना वाटते की वारा पाठीशी असताना होडी सर्वांत वेगवान असते. वास्तविक बहुतेक होड्या वारा बाजूने येत असताना अधिक वेगाने धावतात, कारण तेव्हा शीड विमानाच्या पंखाप्रमाणे काम करते.

होडीच्या डाव्या अंगास ‘पोर्ट’ आणि उजव्या अंगास ‘स्टारबोर्ड’ म्हणतात. वारा उजव्या अंगावरून येत असेल तर होडी ‘स्टारबोर्ड टॅक’वर आहे, डाव्या अंगावरून येत असेल तर ‘पोर्ट टॅक’वर. हा भेद लक्षात ठेवावा. वाटेच्या हक्काचा सर्वांत महत्त्वाचा नियम त्यावरच उभा आहे.

वेग ‘नॉट’मध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, अर्थात 1.852 किलोमीटर. दहा नॉटचा वारा म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरचा वारा; छोट्या होड्यांच्या शर्यतीसाठी तो चांगला मानला जातो.

होड्यांचे वर्ग

शीडशर्यतीत कुस्तीतल्या वजनगटांसारखे होड्यांचे वर्ग असतात. एका वर्गातील सर्व होड्या मापाने सारख्याच असतात, त्यामुळे निकाल होडीच्या किमतीवर नव्हे तर खेळाडूच्या कौशल्यावर ठरतो.

मुलांची सुरुवात बहुधा ‘ऑप्टिमिस्ट’ या वर्गात होते. सुमारे 2.3 मीटर लांबीची, पेटीसारख्या आकाराची ही एकशिडी होडी पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी आहे. त्यानंतर येतो ‘इल्का’ वर्ग. हीच होडी पूर्वी ‘लेझर’ या नावाने ओळखली जाई. तिचा सांगाडा एकच, 4.23 मीटरचा, पण शिडे तीन आकारांची. सर्वांत लहान शिडाची इल्का 4 किशोरवयीनांसाठी, मधली इल्का 6 ऑलिम्पिकमध्ये महिलांसाठी आणि सर्वांत मोठी इल्का 7 पुरुषांसाठी. दोघांनी चालवायच्या होड्यांत 29-इआर, 49-इआर, 420 आणि 470 हे वर्ग प्रसिद्ध आहेत. 470 हा आकडा होडीच्या सेंटिमीटरमधील लांबीचा आहे. फळीवर उभे राहून शीड हाती धरण्याचा प्रकार म्हणजे विंडसर्फिंग. आता त्यात ‘आयक्यूफॉइल’ वर्ग आला आहे. फळीखाली बसवलेल्या पंखामुळे ती पाण्याच्या वर उचलली जाऊन धावते. गोव्याची डेन आणि कात्या कुएल्हो ही भावंडे विंडसर्फिंगमधूनच आंतरराष्ट्रीय पातळीवर गेली.

2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शीडशर्यतींचे दहा प्रकार होते आणि त्या पॅरिसमध्ये नव्हे, तर भूमध्य समुद्रावरील मार्सेय येथे झाल्या. भारताकडून विष्णू सरवणन इल्का 7 मध्ये आणि नेत्रा कुमनन इल्का 6 मध्ये उतरले. टोकियो ऑलिम्पिकसाठी पात्र ठरलेली नेत्रा ही ऑलिम्पिकमध्ये पोहोचलेली पहिली भारतीय महिला शीडपटू. 2023 मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूरने मुलींच्या इल्का 4 मध्ये रौप्य, तर विष्णू सरवणन आणि विंडसर्फिंगमधील इबाद अली यांनी कांस्यपदक मिळवले.

मोठ्या आणि भिन्न मापांच्या नौका एकत्र धावतात तेव्हा प्रत्येक नौकेला तिच्या क्षमतेनुसार गुणांक दिला जातो. तिला लागलेल्या वेळेवर तो गुणांक लावून ‘सुधारित वेळ’ काढतात. अशा शर्यतीत सर्वांत आधी पोहोचणारी नौका विजेती ठरेलच असे नाही. बातमीत ‘लाइन ऑनर्स’ एका नौकेला आणि विजेतेपद दुसऱ्या नौकेला असे वाचल्यास गोंधळून जाऊ नये.

वेळापत्रक कसे वाचावे

फुटबॉलचा सामना पाच वाजता म्हटले की पाच वाजता सुरू होतो. शीडशर्यतीच्या वेळापत्रकात मात्र ‘पहिला इशारा दुपारी 12 वाजता’ असे लिहिलेले असले, तरी त्याचा अर्थ ‘बारापूर्वी नाही’ एवढाच घ्यावा. वारा नसेल, तो सतत दिशा बदलत असेल किंवा अतिशय जोराचा असेल तर शर्यत होत नाही. म्हणूनच स्पर्धा पाच-सहा दिवसांची ठेवतात, दिवसाला दोन-तीन शर्यती योजतात आणि एखादा राखीव दिवसही धरतात.

गोव्याच्या किनाऱ्यावर हे गणित समजणे सोपे आहे. हिवाळ्यात पहाटे आणि सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. ऊन चढले की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, वरची हवा हलकी होऊन उठते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरून खारा वारा आत येतो. सकाळच्या आणि दुपारच्या या दोन वाऱ्यांमध्ये बराच काळ पाणी आरशासारखे निश्चल असते. म्हणून शर्यतींची वेळ साधारणतः दुपारची असते. भरती-ओहोटीचाही विचार करावा लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मांडवीच्या मुखाशी प्रवाह जोराचा असतो, अष्टमीच्या भांगेला तो मंद असतो. ओहोटीचा ओघ आणि समुद्रावरचा वारा समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उंच होतात.

वर्षाचे वेळापत्रकही वाऱ्यावर बेतलेले असते. पश्चिम किनाऱ्यावर, मुंबईत काय आणि गोव्यात काय, पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने छोट्या होड्यांचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होऊन मे महिन्यापर्यंत चालतो. हैदराबादच्या तलावावर मात्र नेमके उलटे आहे. त्याची माहिती पुढे येईल.

प्रत्येक स्पर्धेपूर्वी दोन दस्तऐवज प्रसिद्ध होतात. पहिला ‘शर्यतीची सूचना’: त्यात स्थळ, तारखा, वर्ग, प्रवेश आणि पात्रता यांची माहिती असते. दुसरा ‘शर्यतीचे निर्देश’: त्यात मार्ग, वेळमर्यादा, गुणपद्धती आणि शेवटच्या दिवशी किती वाजल्यानंतर शर्यत सुरू केली जाणार नाही, हे असते. पालकांनी आणि वार्ताहरांनी हा दुसरा दस्तऐवज वाचल्याशिवाय निकालाबद्दल मत बनवू नये. मूळ नियमावली ‘वर्ल्ड सेलिंग’ ही जागतिक संघटना दर चार वर्षांनी सुधारते. 2025 ते 2028 या काळासाठीची आवृत्ती सध्या लागू आहे. भारतात या खेळाचे नियमन यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया करते.

परदेशातील स्पर्धेचे वेळापत्रक बहुधा स्थानिक वेळेत किंवा जागतिक प्रमाणवेळेत असते. प्रमाणवेळेत साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ येते.

प्रारंभाची पाच मिनिटे

शीडशर्यतीचा आरंभ हा तिचा सर्वांत उत्कंठावर्धक भाग. होड्या एका रेषेवर स्थिर उभ्या राहू शकत नाहीत. म्हणून समितीची बोट आणि एक तरंगती खूण यांच्यामधील काल्पनिक रेषेमागे त्या घिरट्या घालत राहतात आणि शून्य सेकंदाला पूर्ण वेगात रेषेवर पोहोचण्याचा प्रयत्न करतात.

क्रम असा असतो. पाच मिनिटे आधी वर्गाचा ध्वज वर चढतो. हा पहिला इशारा. चार मिनिटे उरली असता तयारीचा ध्वज चढतो. एक मिनिट उरले की तयारीचा ध्वज खाली येतो आणि एक दीर्घ ध्वनी होतो. शून्य मिनिटाला वर्गाचा ध्वज उतरतो आणि शर्यत सुरू होते. प्रत्येक टप्प्याला शिंगाचा किंवा बाराचा आवाज असतो, पण आवाज ऐकू न आला तरी ध्वज प्रमाण मानला जातो.

दुर्बीण घेऊन बसणाऱ्या प्रेक्षकाला पुढील ध्वज ओळखता आले तरी पुष्कळ आहे. तांबड्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची निमुळती पताका म्हणजे शर्यत लांबणीवर. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा ध्वज म्हणजे सुरू झालेली शर्यत रद्द. पांढऱ्यावर निळी फुली म्हणजे एखादी होडी वेळेआधी रेषा ओलांडून गेली आहे. तिने परत येऊन पुन्हा आरंभ करावा. निळ्या काठाचा पिवळा त्रिकोण म्हणजे अनेक होड्या आधीच निघाल्याने सर्वांनाच परत बोलावले आहे. पांढऱ्यावर निळा चौकोन म्हणजे मार्ग आखूड केला आहे. लांबणीवर टाकण्याच्या पताकेखाली पांढरा-निळा, टोकाला खाच असलेला ध्वज दिसला तर त्या दिवशी आणखी शर्यत नाही. प्रेक्षकांनीही घरी जायला हरकत नाही.

मार्ग, वळणे आणि वाटेचा हक्क

शर्यतीचा मार्ग फुगवलेल्या मोठ्या रंगीत खुणांनी आखतात. पहिली खूण वाऱ्याच्या बरोबर दिशेला असते, म्हणजे पहिला टप्पा नागमोडी चढणीचा. ती खूण वळल्यावर होड्या वारा पाठीशी किंवा बाजूला घेऊन उतरतात, खालच्या खुणांना वळसा घालतात आणि पुन्हा चढतात. अशा एक-दोन फेऱ्यांनंतर अंतिम रेषा येते. छोट्या होड्यांची एक शर्यत साधारणतः पाऊण ते एक तास चालते.

पहिल्या खुणेशी कोण प्रथम पोहोचते, हे पाहावे. तोपर्यंतचा क्रम फसवा असतो, कारण डावीकडे गेलेल्या आणि उजवीकडे गेलेल्या होड्यांना वारा सारखाच मिळालेला नसतो. वाऱ्याची दिशा दहा अंशांनी जरी फिरली, तरी एका बाजूच्या होड्या पुढे जातात आणि दुसरीकडील मागे पडतात. अनुकूल फरकाला ‘लिफ्ट’ आणि प्रतिकूल फरकाला ‘हेडर’ म्हणतात. चांगला खेळाडू पाण्यावरचे काळसर पट्टे पाहून झोत कोठे येत आहे, हे ओळखतो.

नियम अनेक असले तरी चार लक्षात ठेवावेत. एक, समोरासमोर येणाऱ्या दोन होड्यांत डाव्या अंगावर वारा घेतलेल्या होडीने उजव्या अंगावर वारा घेतलेल्या होडीला वाट द्यावी. दोन, दोघींचा वारा एकाच अंगावर असेल आणि त्या शेजारी असतील, तर वाऱ्याकडील होडीने दुसरीला वाट द्यावी. तीन, मागून येणाऱ्या होडीने पुढच्या होडीपासून दूर राहावे. चार, खुणेजवळ तीन होड्यांच्या लांबीइतक्या परिघात आतल्या होडीला वळण्यापुरती जागा द्यावी.

मैदानात शिट्टी वाजवणारा पंच बहुतेक शर्यतींत नसतो. चूक झाल्याचे जाणवलेल्या खेळाडूने स्वतःहून शिक्षा घ्यावी, अशी अपेक्षा असते. होडीची दोन पूर्ण चक्रे, खुणेला स्पर्श झाल्यास एक. चूक मान्य नसेल तर दुसरा खेळाडू मोठ्याने ‘प्रोटेस्ट’ असे म्हणतो आणि किनाऱ्यावर आल्यावर मंडळासमोर सुनावणी होते. म्हणून सायंकाळी जाहीर झालेला निकाल रात्री बदलू शकतो. निकालावर ‘तात्पुरता’ असा शब्द असेपर्यंत पेढे वाटू नयेत.

गुणांचे गणित

येथे कमी गुण मिळवणारा जिंकतो. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, याप्रमाणे सर्व शर्यतींची बेरीज करतात. ठरावीक संख्येच्या शर्यती झाल्या की प्रत्येकाची सर्वांत वाईट शर्यत वगळतात. ही वगळणूक खेळाचे पारडे कसे फिरवते, ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. पाच शर्यती झाल्यास एक वगळावी, असा निर्देश आहे. ‘अ’ने पहिल्या चार शर्यतींत 1, 2, 1 आणि 18 वा क्रमांक मिळवला, बेरीज 22. ‘ब’ने 3, 3, 2 आणि 2, बेरीज 10. वारा पडला आणि पाचवी शर्यत झालीच नाही, तर ‘ब’ बारा गुणांनी पुढे राहतो. पाचवी शर्यत झाली, तीत ‘अ’ तिसरा आणि ‘ब’ चौथा आला, तर वगळणूक लागू होते. ‘अ’चे 18 गुण जाऊन 7 उरतात, ‘ब’चे 4 जाऊन 10 उरतात आणि विजेता बदलतो. शेवटच्या दुपारी दोन वाजता सगळे खेळाडू आकाशाकडे आणि समितीच्या बोटीकडे का पाहत असतात, याचे उत्तर या आकडेमोडीत आहे.

निकालपत्रात क्रमांकाऐवजी काही आद्याक्षरे दिसतात. ‘डीएनएस’ म्हणजे आरंभ केला नाही, ‘डीएनएफ’ म्हणजे शर्यत पूर्ण केली नाही, ‘ओसीएस’ म्हणजे वेळेआधी रेषा ओलांडली आणि परतला नाही, ‘डीएसक्यू’ म्हणजे अपात्र. या सर्वांना एकूण प्रवेशिकांपेक्षा एक गुण अधिक मिळतो. पंचवीस होड्या असतील तर सव्वीस. ऑलिम्पिकमध्ये अनेक प्रकारांत शेवटी पहिल्या दहा होड्यांची ‘पदक शर्यत’ होते. तिचे गुण दुप्पट धरतात आणि ती वगळता येत नाही.

निकालातील आणखी एक शब्द म्हणजे ‘रिड्रेस’, अर्थात भरपाई. संकटात सापडलेल्यास मदत करणे हा शीडशर्यतीच्या नियमावलीतला पहिला नियम आहे आणि त्यासाठी शर्यत सोडणाऱ्याचे नुकसान भरून देता येते. 1988 च्या सोल ऑलिम्पिकमध्ये कॅनडाचा लॉरेन्स लेमियू दुसऱ्या क्रमांकावर असताना मार्ग सोडून सिंगापूरच्या दोन बुडत्या खेळाडूंकडे गेला. त्याने त्यांना वाचवले आणि त्या शर्यतीत त्याला दुसरा क्रमांक बहाल करण्यात आला.

दीर्घ पल्ल्याच्या शर्यती आणि गोव्याच्या नौका

खुणांभोवतीच्या शर्यतींहून वेगळा प्रकार म्हणजे महासागरी शर्यती. सिडनी ते होबार्ट ही 628 सागरी मैलांची शर्यत 1945 पासून चालत आली असून तिचा आरंभ 26 डिसेंबरला होतो. फ्रान्सच्या ले साब्ल दोलोन बंदरातून दर चार वर्षांनी सुटणारी ‘व्हॉन्दे ग्लोब’ ही एकट्याने, न थांबता आणि मदतीविना करावयाची पृथ्वीप्रदक्षिणा आहे. तिच्या 2024 मध्ये सुटलेल्या आवृत्तीत शार्ली दालँने ती 65 दिवसांच्या आत पूर्ण केली. 1851 पासून चालत आलेला ‘अमेरिका कप’ हा मात्र संघांमधील द्वंद्वाचा प्रकार आहे.

‘गोल्डन ग्लोब’ या शर्यतीशी मुंबई आणि गोवा यांचे घनिष्ठ नाते आहे. 1968-69 मधील पहिली शर्यत पूर्ण करणारे एकमेव दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ ही नौका मुंबईत बांधलेली होती. 2018 मध्ये ही शर्यत जुन्याच पद्धतीने, आधुनिक दिशादर्शक उपकरणांविना, पुन्हा सुरू झाली. तेव्हा नौदल अधिकारी अभिलाष टॉमी ज्या ‘तुरिया’ नौकेतून उतरले, ती ‘सुहैली’ची प्रतिकृती गोव्यात बांधलेली होती. 21 सप्टेंबर 2018 रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात ती उलटली, डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. कण्यात सळ्या घालून ते पुन्हा उभे राहिले आणि 2022 च्या आवृत्तीत ‘बयानत’ या नौकेतून सहभागी झाले. एप्रिल 2023 अखेर ते दुसऱ्या क्रमांकाने परतले. प्रथम आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉइशेफर यांनीही वाटेत एका बुडालेल्या नौकेच्या खलाशाला वाचवले होते. त्यांना त्यासाठी वेळेची भरपाई देण्यात आली.

येथे शर्यत आणि परिक्रमा यांतला फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे. दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये ‘म्हादई’तून केलेली एकट्या भारतीयाची पहिली पृथ्वीप्रदक्षिणा ही शर्यत नव्हती. 2012-13 मध्ये टॉमी यांनी त्याच नौकेतून न थांबता केलेली प्रदक्षिणाही शर्यत नव्हती. ‘तारिणी’ने 10 सप्टेंबर 2017 रोजी गोव्यातून निघून 21 मे 2018 रोजी परत गोव्यात पूर्ण केलेली ‘नाविका सागर परिक्रमा’ सहा महिला अधिकाऱ्यांची होती. दुसरी परिक्रमा लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच 2 ऑक्टोबर 2024 ते 29 मे 2025 या काळात केली. परिक्रमेत प्रतिस्पर्धी नसतो, पण अटी असतात. आरंभ आणि शेवट एकाच बंदरात व्हावा, विषुववृत्त किमान दोनदा ओलांडावे, सर्व रेखावृत्ते पार करावीत, कालवा वापरू नये आणि अंतर 21,600 सागरी मैलांहून अधिक भरावे. हा आकडा पृथ्वीच्या 360 अंशांना 60 कलांनी गुणून येतो.

समुद्र नसलेल्या गावी

हा खेळ फक्त किनाऱ्यावरच्यांचा आहे, असे मानण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या सीमेलगत, तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातल्या नार्नूरसारख्या गावी मराठी कानावर पडते, पण समुद्र तेथून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही त्या राज्याची राजधानी देशातील शीडशर्यतींच्या प्रमुख केंद्रांपैकी एक आहे. सोळाव्या शतकात कुतुबशाही अमदानीत बांधलेल्या हुसेनसागर तलावावर लष्कराच्या ईएमई सेलिंग असोसिएशनने अनेक दशके शर्यती भरवल्या आहेत. यॉट क्लब ऑफ हैदराबादने सामान्य कुटुंबांतील आणि सरकारी शाळांतील मुलामुलींना ऑप्टिमिस्ट होड्यांवर बसवले आहे. तेथील ‘मान्सून रेगाटा’ जुलैच्या सुमारास भरते. पश्चिम किनाऱ्यावर खवळलेला समुद्र ज्या नैर्ऋत्य वाऱ्यामुळे छोट्या होड्यांना बंद होतो, तोच वारा दख्खनच्या पठारावर, लाटांचा धोका नसलेल्या तलावाला शर्यतीचे मैदान करून देतो. ‘तारिणी’च्या पहिल्या परिक्रमेतील ऐश्वर्या बोड्डापाटी याही हैदराबादच्याच.

गोव्यातील पालकांनी यातून एक व्यावहारिक बोध घ्यावा. पोहता येणारे आठ-नऊ वर्षांचे मूल हा खेळ शिकू शकते. त्यासाठी स्वतःची होडी असावी लागत नाही. सुरुवातीला शिकवणाऱ्या संस्थेचीच होडी वापरायची असते. मात्र तारणजाकीट प्रत्येक वेळी घातले जाते का, सोबत यंत्राची बचावबोट असते का आणि उलटलेली होडी सरळ करण्याचे शिक्षण पहिल्या दिवसांतच दिले जाते का, हे तीन प्रश्न प्रवेशापूर्वी विचारावेत.

पाहणाऱ्यासाठी क्रम

शेवटी, किनाऱ्यावर बसून शर्यत पाहायची असल्यास हा क्रम ठेवावा. प्रथम वाऱ्याची दिशा निश्चित करावी. मग समितीची बोट आणि तिच्यावरील ध्वज शोधावेत. पाच मिनिटांचे घड्याळ लावावे. आरंभानंतर थवा डावीकडे आणि उजवीकडे कसा विभागला गेला, ते पाहावे आणि पहिल्या खुणेवरचा क्रम टिपून ठेवावा. महासागरी शर्यतीत नौकांची स्थाने उपग्रहाद्वारे नकाशावर दाखवली जातात. तेथे नौकेचा वेग पाहण्यापेक्षा ती वाऱ्याच्या कोणत्या पट्ट्यात आहे, हे पाहिल्यास पुढच्या दोन दिवसांचा क्रम अधिक चांगला कळतो.

हे सर्व एका बैठकीत साध्य होणार नाही. दोन-तीन शर्यती पाहिल्या की डोळा तयार होतो. मग मिरामारवरून दिसणारे ते पांढरे त्रिकोण उलटसुलट धावताना दिसणार नाहीत. त्यांतील प्रत्येक होडी वाऱ्याचा कोणता हिशेब मांडत आहे, हे दिसू लागेल.